मंदक्रोध

रात्री दीड वाजता, इजिप्तमधल्या सीनाय डोंगराच्या पायथ्याशी बॅटरी पेटेना आणि मी बायकोवर खेकसलो. "जादा सेल घे म्हणून सांगितलं होतं ना?" ती काही बोलली नाही. मोबाईलचा उजेड पायाखाली धरून चालू लागली. देवाच्या डोंगराची वारी करायला आलो होतो आणि तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे.

वाटाड्या जबालिया जमातीचा बेदुईन तरुण होता. त्याला बॅटरीची गरजच नव्हती, चपला फटफटवत पुढे जायचा आणि वळणावर आमच्यासाठी थांबायचा. ही उंटांची वाट. अंधारात आधी उंटाचा वास येतो, मग अगदी कानाशी कुणीतरी म्हणतं, "कॅमल? कॅमल?" मी दोनदा दचकलो. तिसऱ्यांदा चिडलो.

डोंगराचं नाव जेबेल मूसा, उंची २,२८५ मीटर. बायबलमधला मोशे देवाला भेटायला चढला तो सीनाय हाच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण चौथ्या शतकात एजेरिया नावाची एक यात्रेकरू बाई इथे चढली होती. हे डोंगर वळसे घेत चढता येत नाहीत, भिंतीवर चढावं तसं सरळ चढावं लागतं, असं तिने लिहून ठेवलंय. उंटांची वाट एकोणिसाव्या शतकातली, तिच्या नशिबी ती नव्हती. तरी धाप लागल्यावर मला तिचंच म्हणणं पटलं.

शब्बाथशाळेत आम्ही देवाचे गुण पाढ्यासारखे पाठ केले होते. सर्वज्ञ, सर्वसमर्थ, सर्वव्यापी, पवित्र, न्यायी, प्रेमळ. बक्षीसही मिळालं होतं. पण एखाद्याची उंची, वजन आणि रक्तगट माहीत असला म्हणजे तो माणूस कळला असं होत नाही. त्या यादीतून मी पुढे सोयीचा देव बनवला. स्वतःसाठी प्रेमळ ठेवला, दुसऱ्यांसाठी न्यायी.

मोशेने इथेच देवाला म्हटलं होतं, तुझं तेज मला दाखव. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या तेहतिसाव्या आणि चौतिसाव्या अध्यायांत हे आलंय. देव त्याला खडकाच्या कपारीत उभं करतो, त्याच्यासमोरून जातो आणि जाताना स्वतःचं नाव सांगतो. दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दया आणि सत्य यांनी भरलेला. सामर्थ्याचा उल्लेख तिथे नाही. विजा आणि धूर आधी होऊन गेले होते, आता स्वतःची ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा देव स्वभाव सांगतो. आणि केव्हा सांगतो? मोशे डोंगरावर असताना खाली लोकांनी पूजेला सोन्याचं वासरू करून झाल्यावर, देवाच्या आज्ञांच्या पहिल्या पाट्या फुटल्यावर. ज्यांनी चाळीस दिवससुद्धा कळ काढली नाही, त्यांच्यासाठी हे नाव.

'मंदक्रोध'साठी मूळ हिब्रूत जे शब्द आहेत त्यांचा शब्दशः अर्थ होतो 'लांब नाकाचा'. राग नाकपुड्यांत असतो, नाक जितकं लांब तितका तो बाहेर पडायला वेळ लागतो. आमचे पाळकसाहेब हे सांगत होते तेव्हा बायकोने मला कोपराने ढोसलं होतं. आमच्या घरात राग नाकाच्या शेंड्यावर कुणाचा असतो, हे सांगायची गरज नाही.

तेच वाक्य पुढे जातं ते मात्र मी कायम घाईत वाचत आलो. अपराध्याला तो निर्दोष म्हणून सोडून देत नाही, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाब घेतो. दया हजारोंवर, जाब तीन-चार पिढ्यांवर, हा तोल मोजून ठेवला तरी ते वाक्य मऊ होत नाही. आणि योना संदेष्ट्याला तर पहिलाच भाग खुपला. शत्रूच्या निनवे शहराचा नाश टळला तेव्हा याच शब्दांनी त्याने देवाशी भांडण काढलं. तू मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर पळालो! दुसऱ्याला मिळालेली दया पाहून असा जळफळाट मलाही झालाय.

शिखराच्या अलीकडे साडेसातशेच्या आसपास पायऱ्या. माथ्यावर १९३४ मध्ये बांधलेलं दगडी चॅपल, एक छोटी मशीद आणि घोंगड्या पांघरलेली बरीच माणसं. सूर्योदयाबद्दल लिहीत नाही, तो सगळ्यांनी फोनमध्ये भरून नेला.

थंडीने दात वाजत असताना मी एकशे तिसावं स्तोत्र म्हणायला घेतलं. यरुशलेमेकडे चढून जाताना म्हणायच्या पंधरा स्तोत्रांतलं ते एक. त्यातल्या एका ओळीवर दरवेळी ठेच लागते. तुझ्याजवळ क्षमा आहे, म्हणून लोक तुझं भय धरतात. शिक्षा आहे म्हणून भय, हे समजतं. क्षमा आहे म्हणून? याच डोंगराखाली थरथरणाऱ्या लोकांना मोशे एका दमात म्हणतो की भिऊ नका, आणि देवाचं भय तुमच्यात राहावं म्हणूनच हे घडलं. म्हणजे भीती वेगळी, भय वेगळं. भीतीत माणूस लपतो.

उतरताना तपस्व्यांच्या पायऱ्या धरल्या. एकूण ३,७५०, एका संन्याशाने नवस म्हणून रचल्या असं सांगतात. गुडघ्यांनी प्रत्येक मोजली. वाटेत एक कमान लागते. सहाव्या शतकात स्तेफान नावाचा संन्यासी तिथे बसून, चढणाऱ्यांची पापकबुली ऐकून मगच त्यांना वर सोडायचा. मी कमानीखाली थांबलो. सेलचं पाकीट हॉटेलच्या टेबलावर मीच विसरलो होतो, हे वर चढतानाच आठवलं होतं. बायको दोन पायऱ्या खाली उभी होती. "चला," ती म्हणाली. मी चाललो.

खाली सेंट कॅथरीनचा मठ. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधलेला. तिथे येशूचं एक चित्र आहे, गरम मेणात रंग मिसळून लाकडावर काढलेलं, मठाइतकंच जुनं. प्रतिमा फोडण्याच्या काळात बायझंटाइन सत्तेचा हात इथवर पोहोचला नाही, म्हणून ते वाचलं. चेहऱ्याच्या दोन बाजू जुळत नाहीत. आपल्या डाव्या हाताची बाजू शांत, उजेडातली. उजवीकडे सावली, भुवई चढलेली, ओठाचा कोपरा खाली. हाताने अर्धा चेहरा झाकून पाहिला, मग दुसरा अर्धा. दोन वेगळी माणसं दिसतात. हात काढला की एकच, आणि तो माझ्याकडेच बघत होता. कुठल्याही एका अर्ध्यापुढे उभं राहणं मला जमलं असतं.

बाहेर भिंतीच्या सावलीत बसून बूट काढले. जळत्या झुडपाजवळ मोशेला पायतण काढायला लावलं होतं, मी फोडांपायी काढले. बायको पिशवीत चिकटपट्टी शोधत होती.

"सेल मीच विसरलो होतो," मी म्हणालो. "टेबलावर."

"माहीत आहे मला. निघताना पाहिले होते, मला वाटलं तुम्ही जुने ठेवलेत." तिने माझी टाच वर उचलली. "पाय हलवू नका हो."