मडगाव, करमळी की थिवी?

गोव्याचं रेल्वे तिकीट काढताना पाहुणे सरळ 'मडगाव' टाकतात आणि मग म्हापशाला जायला तासभर उलटा प्रवास करतात. म्हापसा, कळंगुट, डिचोलीसाठी थिवीला उतरा. पणजी, जुनं गोवं, फोंड्यासाठी करमळी. पेडण्याला उतरायचं असेल तर आधी तपासा, अनेक जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. करमळी-थिवीलाही सगळ्याच थांबत नाहीत.

मडगाव मात्र खरं जंक्शन, इथे दोन मार्ग मिळतात. मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या लोंढ्याकडे जाणारी वाट पोर्तुगीज काळातली, 1880 च्या दशकातली आणि तेव्हा मीटरगेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेली. कोकण रेल्वे सलग सुरू झाली ती 1998 मध्ये. म्हणून मुंबई-मंगळूरच्या गाड्या कोकण मार्गाने, तर वास्को-हुबळीच्या दुसऱ्या, दक्षिण पश्चिम रेल्वेच्या लोंढ्याकडच्या मार्गाने. चौकशी करताना गाडीचा क्रमांक सांगा, नुसतं 'बेळगावची गाडी' नको. लोंढ्याकडच्या वाटेवर कुळे स्टेशनापुढे 37 फुटांना एक फूट असा चढ लागतो. तिथे गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात, तेवढा वेळ धरूनच चला.

पावसाळ्यात दगड-माती रुळांवर येण्याच्या भीतीने कोकण मार्गावर वेग कमी ठेवतात आणि जूनच्या मध्यापासून वेगळं वेळापत्रक लागतं. जुन्या वेळेच्या भरवशावर बसलात तर गाडी चुकते. शिवाय मार्ग बहुतांशी एकेरी, समोरची गाडी येईपर्यंत आपली उभी! मडगावला पुढची बस किंवा विमान धरायचं असेल, तर किमान दोन तास हातात ठेवा.