कागदावर हजर, तोंडात गैरहजर

जपानचा नकाशा उघडला की मी नावांतच अडकते. टोकियोचं निहोनबाशी आणि ओसाकाचं निप्पोनबाशी, दोन्ही लिहायला हुबेहूब सारखी. ज्या दोन कांजींचा (चिनी लिपीतून घेतलेल्या अक्षरांचा) ह्योगो प्रांतात 'कोबे' होतो, त्यांचाच गिफूत 'गोदो' आणि मिएमध्ये 'कानबे'. नियम शोधू नका, सरळ तिथल्या माणसाला विचारा.

माझं सगळ्यात लाडकं नाव इझुमी. 713 साली सम्राज्ञी गेन्मेईच्या दरबारातून फर्मान निघालं: ठिकाणांची नावं शुभ अक्षरांत लिहा. त्यातूनच दोन अक्षरांचा दंडक रुजला. आता इझुमी म्हणजे झरा; त्याचं एका कांजीत छान भागत होतं. मग काय, तिच्या आधी 'शांतता' या अर्थाची कांजी चिकटवली. ती लिहायची, पण वाचायची नाही! (सरकारी डोकं सगळीकडे सारखंच.)

उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर वेगळीच गंमत. नावं मूळची आयनू, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या भाषेतली; कांजी बहुतेकदा केवळ आवाजापुरत्या. नोबोरिबेत्सुमधला 'बेत्सु', वाक्कानाईतला 'नाई', दोन्ही नदी-ओढ्यांचे शब्द. साप्पोरोही आयनूच, पण कांजींवरून अर्थ लावायला गेलात तर हाती लागतं चिठ्ठी आणि गाडीचं छत.