काळ्या रंगाकडून निवडक शोषक लेपाकडे: माझा अनुभव

सौर वाळवणी यंत्रातील हवा तापवणाऱ्या पॅनेलना आम्ही बाजारात मिळणारा मॅट काळा रंग देत असू. तो सूर्यप्रकाशातील सुमारे ९५ टक्के ऊर्जा शोषतो, मग सुधारायचे काय, असे कोणीही विचारेल. अडचण शोषणाची नसून उत्सर्जनाची होती. सूर्याची ऊर्जा मुख्यतः ०.३ ते २.५ मायक्रॉन तरंगलांबीत येते, तर १०० अंश सेल्सिअसला तापलेला पत्रा ८ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक उष्णता बाहेर टाकतो, आणि साधा काळा रंग याही कामात तितकाच तरबेज असतो. या दोन पट्ट्यांत वेगळे वागणारे, म्हणजे ऊन शोषणारे पण उष्णता फारशी बाहेर न टाकणारे ‘निवडक शोषक’ पृष्ठभाग इस्रायली शास्त्रज्ञ हॅरी टेबोर यांनी १९५५ मध्येच मांडले होते; मात्र असे लेप बहुधा विद्युतविलेपनाने किंवा निर्वात यंत्रात चढवतात, आणि आमच्याकडे होती स्प्रे गन.

म्हणून तांबे, मँगनीज आणि लोह यांच्या ऑक्साइडचे काळे स्पिनेल (एका विशिष्ट स्फटिकरचनेचे) रंगद्रव्य आणि ते पत्र्यावर धरून ठेवणारे सिलिकोन रेझिन घेऊन अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर अगदी पातळ थर देण्याचे ठरवले. थर दोन-तीन मायक्रॉनचाच असेल, तर ऊन त्यात शोषले जाते, पण लांब तरंगांना तो जवळजवळ पारदर्शक राहतो आणि खालच्या चकचकीत धातूचे कमी उत्सर्जन टिकते. रंगाऱ्याच्या सवयीला हे पटत नाही. पत्रा पूर्ण झाकला गेला की काम चांगले, हे त्याच्या हातात इतके भिनलेले असते की प्रत्येक पत्रा आधी आणि नंतर वजन करूनच थर आवरावा लागला.

खरा वेळ घेतला तो रेझिनने. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध नेमके ९-१० मायक्रॉनला उष्णता शोषतात, म्हणजे तिथेच उत्सर्जनही करतात. त्यामुळे रेझिन वाढवले की उत्सर्जन वाढते आणि कमी केले की भट्टीतून काढलेला लेप बोटाला काजळीसारखा लागतो. या ओढाताणीतून वाट निघाली ती दळणातून. बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या पिंपात, रंगद्रव्य अधिक बारीक दळून त्याच्या गुठळ्या फोडल्यावर कमी रेझिनमध्येही लेप, त्यावर चौकडी कापून चिकटवलेली टेप ओढून काढली तरी, टिकू लागला. माझ्या मते अशा रंगाचा निम्मा दर्जा दळणातच ठरतो.

प्रयोगशाळेतल्या मोजमापात शोषण सुमारे ०.९ आणि उत्सर्जन ०.३ च्या आसपास आले (पूर्ण काळ्या पृष्ठभागाचे दोन्ही १ धरून), म्हणजे शोषणात हा लेप साध्या रंगाहून थोडा उणाच ठरला. त्यामुळे सगळीकडे तोच लावणे शहाणपणाचे नव्हते. हवा थंड असते त्या सुरुवातीच्या पॅनेलना आम्ही जुना काळा रंगच ठेवला आणि पत्रा सर्वांत जास्त तापतो त्या शेवटच्या पॅनेलपुरता नवा लेप वापरला.