पुराचा नकाशा, ऊस आणि चार मीटरची भानगड

जुलै लागला की कोल्हापुरात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला सगळ्या ग्रुपवर पडायला लागते, आणि कुणीतरी निळ्या रंगात बुडवलेला शहराचा नकाशा फॉरवर्ड करतो, खाली लिहिलेलं, ५८ फुटाला पाणी इथपर्यंत येणार. मग मला फोन सुरू, कारण नात्यागोत्यात मॅपिंगचं काम करणारा मी एकटाच. "बघ की जरा तुझ्या कॉम्प्युटरवर, आमच्या गल्लीत येतंय काय पाणी."

तर आज एकदा सविस्तर लिहितो म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा.

तो निळा नकाशा करायला पाच मिनिटं लागतात. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट, उंचीचा डेटा (जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकाला उंचीचा एक आकडा, यालाच रास्टर म्हणतात) फुकट, त्यातला रास्टर कॅल्क्युलेटर उघडायचा आणि सांगायचं की अमुक मीटरपेक्षा खाली जे जे आहे ते निळं कर. झालं. दिसायला इतकं पटण्यासारखं दिसतं की बास. पण त्यात पाणी वाहतच नाही, बादलीत भरल्यासारखं सगळीकडे एका पातळीत उभं असतं. नदीशी काही संबंध नसलेला खोलगट भागसुद्धा निळा होतो. खऱ्या पुराला चिखलीपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत उतार असतो, सपाट फरशी नसते ती. आणि बंधाऱ्यावरचे फूट हे तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासून मोजलेले असतात, समुद्रसपाटीपासून नाही, त्यामुळे ते शून्य किती मीटरवर आहे हे माहीत नसेल तर पुढचं सगळं गणित हवेत.

आता डेटाकडे बघू. सगळ्यात जास्त वापरला जातो तो एसआरटीएम, नासाच्या रडार मोहिमेतला. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं, एक रडार अँटेना यानात आणि एक ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला, आणि दोन्हींच्या सिग्नलमधल्या फरकावरून जमिनीची उंची काढली. काम जबरदस्त आहे, त्याबद्दल वादच नाही. पण एक पिक्सेल, म्हणजे डेटातला एक चौकोन, साधारण ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्याला मिळून एकच आकडा, तोही पूर्ण मीटरमध्ये. तुमचा दोन गुंठ्याचा प्लॉट, शेजारचा अपार्टमेंट, मधला रस्ता आणि मागचा ओढा, सगळ्यांची उंची एकच! रंकाळ्यापासून पंचगंगा घाटापर्यंत रेघ ओढून तिच्यावरच्या उंचीचा आलेख (प्रोफाइल) काढून बघा, जमिनीचा उतार दिसायच्या ऐवजी करवतीच्या दात्यांसारखं काहीतरी वरखाली दिसेल.

अचूकतेचं बोलायचं तर या मिशनचं ठरवलेलं उद्दिष्टच १६ मीटरच्या आत चूक असं होतं. प्रत्यक्षात सपाट भागात ती बरीच कमी निघते, काही मीटर. काही मीटर ऐकायला बरं वाटतं, पण आपला हिशोब बघा. बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटाला, धोका ४३ फुटाला. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. धोक्यापासून ते महापुरापर्यंत फरक किती, तर १३ फूट, म्हणजे चार मीटर. व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी आलं की दसरा चौकापर्यंत, शाहूपुरीत कुंभार गल्ली बुडाली की नाही, ही सगळी भानगड त्या चार मीटरमध्ये आहे आणि डेटाची स्वतःची चूक पण तेवढ्याच मापाची. चर्चा इथेच संपायला पाहिजे खरं म्हणजे.

पण संपत नाही, कारण अजून ऊस आहे. रडारला जमीन दिसते असं नाही, जे समोर येईल ते दिसतं. घरांची छपरं, झाडांचे शेंडे. चिखली, आंबेवाडी, शिये, ही सगळी पूरपट्ट्यातली जमीन उसाखाली, आणि फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. काही फडांत तोड झालेली, काही फड अजून उभे, पुरुष-दीड पुरुष उंच. दाट उसात रडारची लाट पूर्ण खालपर्यंत पोचतेच असं नाही, मधेच कुठेतरी अडकते. त्यावर रडारचा स्वतःचा नॉइज वेगळा. म्हणजे या सपाट पट्ट्यात एका ठिकाणी दोन मीटरचा उंचवटा दिसला तर तो खरंच उंचवटा, की कुणाचा तरी तोडायचा राहिलेला ऊस, हे खुर्चीत बसून कसं सांगणार?

हायवेचं तर आणखीच. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेच्या भरावामुळे पाणी तुंबतं की नाही यावर दर पुरात हाणामारीची वेळ येते. पण २००० च्या फेब्रुवारीत आजचा चौपदरी रस्ता झालाच नव्हता! ज्याच्यावर भांडताय तोच डेटात नाही. नवीन डेटा घेतला तरी भराव एक-दोन पिक्सेल रुंदीचा, शेजारच्या शेतात मिसळून अर्धा होऊन जातो, आणि त्याखालच्या मोऱ्या तर वरून दिसायचा प्रश्नच नाही.

"मग १२.५ मीटरचा डेटा घे की", असं सांगणारे पण भेटतात. अलोस पालसार या जपानी उपग्रहावरच्या रडारच्या नावाने जी १२.५ मीटरची उंचीची फाइल मिळते ना, ती आपल्याकडे एसआरटीएमचीच उंची बारीक पिक्सेलमध्ये कापून दिलेली आहे. जुनी भाकरी बारीक चुरून ताट भरल्यासारखं. तरीपण लोक रिपोर्टात 'हाय रिझोल्यूशन' म्हणून छापतात आणि समोरचा मान डोलावतो. युरोपच्या कोपर्निकसचा ३० मीटरचा डेटा खरंच बरा आहे, २०११ ते २०१५ च्या रडार मोजणीवरचा, आणि त्यातून झाडं आणि इमारती काढून टाकायचा प्रयत्न केलेला फॅबडेम पण आहे. मी आता हेच दोन वापरतो. इस्रोचा कार्टोडेम हा उंचीचा डेटा त्यांच्या भुवन साइटवर मिळतो, फक्त त्याची उंची एलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून मोजलेली) असते, समुद्रसपाटीची नाही. आपल्या भागात या दोन्हीत ६० मीटरहून जास्त फरक पडतो, त्यामुळे दोन डेटा शेजारी ठेवून वजाबाकी केली की कोल्हापूर खचल्याची ब्रेकिंग न्यूज तयार.

आणि अलमट्टी, कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण, ज्याचं पाणी मागे फुगून आपल्याकडे पूर येतो की नाही यावर भांडण आहे. हे लिहिलं की कमेंटमध्ये शिव्या येतात, पण लिहितो. धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, आणि ती ५२४.२५६ पर्यंत न्यायची म्हणून वाद. फरक साडेचार मीटरच्या थोडा वर. गूगल अर्थवर कर्सर फिरवून कुणी म्हणतं फुगवटा (धरणामागे चढणारं पाणी) थेट इथपर्यंत येतो, कुणी म्हणतं शक्यच नाही, आणि दोघंही स्क्रीनशॉट टाकतात. दोघांच्या आकड्यांत चूक तेवढीच बसलेली असू शकते ज्याच्यावर वाद आहे. त्याला नदीचे प्रत्यक्ष मोजलेले आडवे छेद लागतात, पूल, बंधारे, विसर्ग लागतो. फुकटच्या रास्टरमध्ये नदीचा तळ नसतोच, पाण्याचा पृष्ठभाग असतो फक्त.

मग हे सॉफ्टवेअर घ्यायचं कशाला? डोंगरासाठी घ्या की! पन्हाळा-जोतिबाची फाइल उघडून आधी यूटीएम ४३ या मीटरमधल्या मोजणीत आणा (अक्षांश-रेखांशात तशीच ठेवली तर स्लोप, म्हणजे उतार, काढल्यावर सगळा जिल्हा उभा कडा होतो), मग हिलशेड (डोंगरावरच्या ऊन-सावलीचं चित्र) काढा, उजेड वायव्येकडून, आणि बघत बसा. कातळाची सपाट टोपी आणि खाली एकदम तुटलेली कडा, इतकं स्वच्छ दिसतं की गड नेमका तिथेच का बांधला हे वेगळं सांगावं लागत नाही. शेकडो मीटरचा चढउतार असला की पाच मीटरची चूक कुणाला कळतही नाही.

पाणलोटाचं पण तसंच. डेटातले खोटे खड्डे भरून घ्या, ग्रास या सॉफ्टवेअरचं आर वॉटरशेड हे पाण्याची वाट काढणारं टूल चालवा, आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या चिखलीच्या प्रयागाकडे, जिथून पंचगंगा सुरू होते, कशा येतात ते दिसतं. काळम्मावाडीचा दरवाजा उघडला की कोल्हापूर बुडणार असं दरवर्षी ऐकतो मी. ते धरण दूधगंगेवर आहे, आणि दूधगंगा आपल्या शहराकडे येतच नाही, मधे डोंगराची धार आहे, ती पुढे जाऊन स्वतंत्रपणे कृष्णेला मिळते. राधानगरी मात्र भोगावतीवर, तिचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आपण लक्ष द्यायचं. हे सांगायला ३० मीटरचा डेटा पुरून उरतो.

गल्लीत पाणी येणार का, याच्यासाठी माझं उत्तर आता ठरलेलं आहे. प्लॉट घेणार असाल तर आधी पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा बघा, निळी २५ वर्षांतल्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. मग त्या गल्लीतल्या जुन्या दुकानदाराला गाठा. २०१९ ला पाणी शटरला कुठपर्यंत, २०२१ ला कुठपर्यंत, आणि त्या वेळी बंधाऱ्यावर किती फूट होतं. 'राजारामला ४७ झाले की आमच्या गल्लीच्या तोंडाला पाणी' असं ज्याला पाठ आहे त्याचा आकडा माझ्या कुठल्याही लेयरपेक्षा खरा, कारण त्यात मीटर, शून्य, ऊस कशाचाच घोळ नाही.

अशाच खुणा मी नकाशावर ठिपक्यांच्या एका लेयरमध्ये (पॉइंट लेयर) गोळा करतोय. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो असेल तर पाठवा, पण तारीख आणि वेळ पाहिजे, नुसतं "लई पाणी होतं" चालणार नाही. नागाळा पार्क आणि रमणमळ्याकडचे पॉइंट फारच कमी आहेत. थोडे जमले की एका मित्राची ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) घेऊन त्या खुणा एकमेकींशी जोडून घ्यायच्या आहेत, स्टाफ म्हणजे मोजपट्टीचा दांडा धरायला एक माणूस लागेल. चहा-मिसळ माझ्याकडून.