ब्रेकवाल्याच्या मागची जागा

मेलबर्नला लेकी-मुलांकडे आलेले आपले लोक पेंग्विन बघतात, ग्रेट ओशन रोडला जातात. सेंट किल्डा या समुद्रकाठच्या उपनगरातलं लूना पार्क हे जुनं करमणूक पार्क मात्र ‘लहान मुलांचं आहे ते’ म्हणून राहून जातं. आमच्याही पहिल्या दोन फेऱ्यांत तसंच झालं. या मार्चमध्ये एका शनिवारी मी हट्टाने गेले, आणि आधी का नाही आलो याची चुटपुट लागली.

शहरातून सेंट किल्डाला ९६ नंबरची ट्राम थेट जाते. शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट असल्याने नवखा माणूस मायकी कार्ड (ट्रामच्या भाड्याचं कार्ड) लावायचं विसरतो. सेंट किल्डा त्या फुकट पट्ट्याच्या बाहेर आहे, तेव्हा कार्ड आठवणीने लावा. पार्क रोज उघडं नसतं. शाळांच्या सुट्ट्या नसतील तर शनिवार-रविवारच धरून चला, आणि वेळा बघून तिकीट घरूनच काढा.

भल्यामोठ्या चेहऱ्याच्या उघड्या तोंडातून आत शिरायचं. पार्कला चहूबाजूंनी पांढऱ्या लाकडी पट्ट्यांच्या जाळीचा वेढा आहे. तीच ग्रेट सीनिक रेल्वे, म्हणजे इथला रोलर कोस्टर, १३ डिसेंबर १९१२ला पार्कबरोबरच सुरू झालेली. हिच्याहून जुना रोलर कोस्टर पेनसिल्व्हेनियात आहे, १९०२चा. पण तो मध्ये बरीच वर्षं बंद होता. खंड न पडता चालत आलेल्यांत हीच सगळ्यांत जुनी.

पण मला सांगायचंय ते ब्रेकवाल्याबद्दल. हल्लीच्या कोस्टरना रुळाच्या खालूनही चाकं असतात, त्यामुळे गाडी रूळ सोडूच शकत नाही. इथे ती सोय नाही. गाडी नुसत्या स्वतःच्या वजनावर रुळावर बसलेली असते. उंचवट्यावरून वाजवीपेक्षा जोरात गेली तर उचलली जाईल. म्हणून प्रत्येक गाडीत डब्यांच्या मधोमध एक माणूस हातात ब्रेकचा दांडा धरून उभा असतो. गाडी भरलेली आहे की अर्धी रिकामी, रूळ कोरडा आहे की ओला, याचा अंदाज घेऊन तोच वेग ठरवतो. असे कोस्टर आता जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. कोपनहेगनच्या तिवोलीतला १९१४चा त्यातलाच एक.

आम्हाला ब्रेकवाली मिळाली, पंचविशीतली मुलगी. आम्ही दांडीमागे घट्ट बसलेलो आणि ती उभी. उतार सुरू व्हायच्या आधीच तिचे गुडघे वाकायचे, वळण यायच्या आधी अंग कलायचं, आणि मग दोन्ही हातांनी दांडा मागे. खालून लाकडाचा खडखडाट, तळव्यांपर्यंत पोचणारी थरथर. माझे काका भुसावळला मालगाडीचे गार्ड होते. लहानपणी त्यांनी एकदा ब्रेकव्हॅनमधल्या हातब्रेकच्या चाकाला हात लावू दिला होता, ते मला तिथे उंचावर आठवलं. गाडी थांबल्यावर मी तिला थँक्यू म्हटलं तेव्हा ती हातमोजे काढत होती. मोज्यांचं तळहाताकडचं कातडं झिजून गुळगुळीत झालं होतं.

तर जागा मागायची ती तिच्या लगेच मागची. त्यासाठी एखादी गाडी सोडावी लागली तरी सोडा. आणि जमलं तर दोनदा बसा. पहिल्या फेरीत नजर समुद्राकडेच जाते. वरून पोर्ट फिलिपचा उपसागर दिसतो. दुसऱ्या फेरीत फक्त ब्रेकवाल्याचे हात बघा.

उतार फार भयंकर नाहीत, पण लाकडी रूळ दणके देतो. कंबर किंवा मान दुखत असेल तर बसू नका. ओढणी घरीच ठेवा, चष्म्याला दोरी लावा, मोबाइल चेन असलेल्या खिशात. सकाळी उघडताक्षणी गेलात तर रांग कमी. अंगावर जॅकेट हवंच, तिथल्या हवेचा नेम नाही.

ज्यांना हे झेपणार नाही त्यांना १९१३च्या मेरी-गो-राउंडवर बसवा. ते फिलाडेल्फियात बनलं आणि सिडनीहून १९२३ला इथे आलं. ६८ लाकडी घोडे आहेत, सगळे हाताने कोरलेले. आमच्या ह्यांनी तिथेच तळ ठोकला होता.

बाहेर पडल्यावर चार पावलांवर अॅकलंड स्ट्रीट. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांमुळे नावारूपाला आलेली केकची दुकानं अजून आहेत तिथे. भाजलेला चीजकेक घ्या. शाकाहारी असाल तर अंडं आणि जिलेटिनचं आधी विचारा. परतीची ९६ त्याच रस्त्याच्या टोकाहून सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते.