जुलाबाचे चौदा दिवस : एका आशाताईचा अनुभव

घरून निरोप येतो तेव्हा बहुतेक वेळा बाळाला जुलाब सुरू होऊन एक दिवस उलटलेला असतो. "दात येतायत, त्यानं होतंय," असं आजी सांगतात. दात येण्यानं पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. त्या वयात बाळ रांगायला लागतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं, खरं कारण ते. पण हे मी आजींना नंतर सांगते. आधी बाळ बघते.

डोळे खोल गेलेत का, जीभ कोरडी आहे का, रडताना पाणी येतं का, आणि चमच्यानं पाणी दिलं तर ते कसं पितं. मग पोटावर, बेंबी आणि कुशीच्या मधोमध, कातडी चिमटीत धरून सोडायची. लगेच सपाट झाली तर ठीक. हळूहळू बसली तर अंगातलं पाणी कमी होऊन शोष पडायला लागलाय. दोन सेकंदांनंतरही घडी तशीच दिसली तर थांबायचंच नाही. मूल कुपोषित असेल तर ही चिमटी फसवते, कारण त्याची कातडी एरवीही सैलच असते. तिथं मी पिण्यावर आणि तरतरीवर जास्त भरवसा ठेवते. मूल मलूल आहे, पीत नाही, सगळं ओकतंय, शीमध्ये रक्त आहे किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं आहे, तर लगेच 108 ला फोन. पिता येत असेल तर वाटेतही ओआरएसचे, म्हणजे मीठ-ग्लुकोजची पावडर कालवलेल्या पाण्याचे, घोट चालूच.

बाकीच्यांचं घरी निभतं, आणि निभतं की नाही हे पाण्याच्या मापावर ठरतं. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. ओआरएस पावडरीचं मोठं पाकीट 20.5 ग्रॅमचं असतं, ते पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. छोटी पुडी 200 मिलीची. दिसायला दोन्ही सारखीच, त्यामुळे मोठं पाकीट पेल्यात कालवलं जातं किंवा "आता अर्धं, संध्याकाळी अर्धं" असं होतं. आतड्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागून जातं. पाणी फार घट्ट कालवलं तर आतडं उलट अंगातलंच पाणी ओढून घेतं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठ धोक्याच्या पातळीवर जातं. पातळ झालं तर गेलेलं मीठ भरून निघत नाही.

घरोघरचा तांब्या वेगळा. कुठला पाऊण लिटरचा, कुठला सव्वा. म्हणून मी पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली भरून घरातल्याच एका पातेल्यात ओतते आणि पाणी जिथवर आलं तिथं बाहेरून टिकली चिकटवते. पुढचं पाकीट कुणीही कालवलं तरी टिकलीपर्यंतच पाणी. पाणी आधी उकळून गार केलेलं हवं. पावडर घातल्यावर उकळायचं नाही. साखर, दूध, सरबत काही मिसळायचं नाही. झाकून ठेवायचं आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

प्रत्येक पातळ शीनंतर दोन महिने ते दोन वर्षांच्या बाळाला पाव ते अर्धा पेला, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला. बाटलीनं नको, वाटी-चमच्यानं. उलटी झाली की आई घाबरून थांबते. दहा मिनिटं थांबावं आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. सहा महिन्यांवरच्या बाळाला मऊ वरणभात, केळं, दही, जे खात असेल ते द्यायचं. उपाशी ठेवलं की मूल आणखी खंगतं.

"ताई, सलाइन लावा, लवकर उतरेल," हे हमखास ऐकू येतं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण जवळपास 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. पिणाऱ्या मुलाला सुईची गरज नसते. दुकानातल्या गोड पेयांच्या खोक्यांना मात्र मी ओआरएस मानत नाही. 2025 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांच्या नावातून 'ओआरएस' हा शब्द काढायला लावला, ते बरंच झालं.

ओआरएसबरोबर झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत पूर्ण, दिवसातून एकदा, चौदा दिवस. चमचाभर अंगावरच्या दुधात किंवा स्वच्छ पाण्यात टाकली की थोड्या वेळात विरघळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब थांबतात आणि गोळ्या फडताळात जातात. पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागू नयेत, यासाठीच त्या उरलेल्या गोळ्या असतात. म्हणून मी पाचव्या आणि दहाव्या दिवशी पाकिटातली रिकामी खोबणी मोजते.

याच फेऱ्यांत मोरीकडे लक्ष जातं. लहान बाळाची शी म्हणजे घाण नव्हे, असा समज घट्ट आहे. दुपटं मोरीत खंगाळलं जातं, त्याच मोरीत भांडी घासली जातात. मोठ्यांच्या विष्ठेतले जंतू बाळाच्या शीतही असतात, जुलाबात तर फारच. दुपट्यावरची शी शौचालयात टाकायची, दुपटं धुतलेलं पाणीही तिथंच ओतायचं, मग दुपटं साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवायचं. शौचालय नसेल तर विहीर-बोअरपासून लांब खड्डा करून त्यात टाकायचं आणि लगेच माती लोटायची. डायपर उकिरड्यावर गेला की कुत्री ओढून पुन्हा अंगणात आणतात, तोही पुरायलाच हवा.

मग हात. शी धुऊन झाली की हात पदराला पुसले जातात, कारण साबण न्हाणीघरात आणि पाणी अंगणात. उपदेशापेक्षा साबणाची जागा बदललेली बरी. साबणाचा तुकडा जाळीच्या पिशवीत घालून अंगणातल्या नळालाच बांधायला सांगते. बांगड्या वर सारून, अंगठा, बोटांची टोकं आणि नखांखाली वीस सेकंद चोळायचं. भरवायच्या आधी, शी धुतल्यावर आणि शौचाहून आल्यावर, हे तीन वेळा तरी चुकवायचे नाहीत.

हंड्यावर झाकण असतं, पण पेला बुडवताना बोटं पाण्यात जातातच. लांब दांड्याचं ओगराळं भिंतीला खुंटीवर अडकवलं की तो प्रश्न मिटतो. खाली ठेवलं तर नाही. पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ येतं. ते दुपदरी फडक्यानं गाळून, तुरटी फिरवून निवळल्यावरच क्लोरीनची गोळी टाकायची, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. अर्ध्या ग्रॅमची गोळी वीस लिटरला, मग अर्धा तास थांबायचं. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली म्हणून मी निश्चिंत होत नाही. उघड्या गोणीतली पावडर ओल लागून निकामी होते. ओटी टेस्टमध्ये, म्हणजे क्लोरीन तपासायचं औषध टाकल्यावर, घरच्या नळाचं पाणी पिवळं झालं, तरच क्लोरीन घरापर्यंत पोचलं.

चौदाव्या दिवशी लसीकरणाचं कार्ड मागते आणि रोटाव्हायरसचे 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस बघते. मग बाळाला अंगणवाडीच्या काट्यावर ठेवते. वजन घटलेलं असलं तर आणखी दोन आठवडे रोज एक जेवण जास्त, आणि मग पुन्हा वजन.