धुक्यातली तार आणि कमरेला धरलेली बॅटरी

पावसाळी रात्री गोव्यातल्या सत्तरीच्या रानात ११ केव्हीची (अकरा हजार व्होल्टची) वीजलाईन तपासत फिरायचं, तर बॅटरी किती लांब मारते याला फारसा अर्थ नाही. पायापुढचं काय दाखवते ते बघावं. एका जुलैच्या रात्री आमच्या हेल्परचा पाय आणि तुटलेली तार यांत फार अंतर उरलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

रात्री नऊच्या सुमारास फिडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी ती लाईन, ट्रिप झाला, आपोआप बंद पडला. सबस्टेशनमधून एकदा चार्ज करून, म्हणजे वीज सोडून पाहिला, टिकला नाही. ठाणे-चरावण्याच्या बाजूला लाईन रस्ता सोडून रानात शिरते. बिघाड तिथेच असणार, असा फोरमनचा अंदाज. आता चार्ज करू नका, असं सबस्टेशनला कळवून आम्ही तिघे निघालो. तरीही ट्रिप झालेली लाईन बंद आहे असं आम्ही कधीच धरत नाही. स्विच उघडून (म्हणजे वीज तोडून), डिस्चार्ज रॉड लावून दोन्ही बाजूंना अर्थिंग होईपर्यंत, म्हणजे तार जमिनीशी जोडली जाईपर्यंत, जमिनीवर पडलेली प्रत्येक तार जिवंतच समजायची. ओल्या जमिनीत तारेभोवती व्होल्टेज पसरतं. तारेला न शिवताही, नुसत्या दोन पावलांमधल्या फरकाने माणूस कोसळतो. म्हणून तार निदान दहा मीटर अलीकडून दिसायला हवी.

आणि दिसायचं काय, तर जुनी, राखाडी पडलेली ॲल्युमिनियमची तार, कुजलेल्या पाल्यात अर्धी बुडालेली.

चोर्ल्याच्या अंगाने धुकं खाली उतरलं होतं. हेल्परकडे नवी, झूमवाली मोठी बॅटरी होती, डब्यावर ५०० मीटर लिहिलेली. तो आकडा खोटाच असतो असं नाही. पण एएनएसआय या अमेरिकन मानक संस्थेच्या २००९ च्या मानकात अंतर मोजतात ते प्रकाश पाव लक्सवर (लक्स हे उजेडाचं माप) येईपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तेही स्वच्छ हवेत. धुक्यात त्या निळसर पांढऱ्या झोताने समोर चुन्याची भिंत उभी केली. त्याने बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरली होती, त्यामुळे धुक्यावर आपटलेला उजेड सरळ त्याच्याच डोळ्यांत परत येत होता. डोक्यावरच्या बॅटरीचंही धुक्यात हेच होतं.

माझी बॅटरी लहान, उजेड किंचित पिवळसर, आणि मी ती कमरेच्याही खाली धरून चालतो. उजेड खालून तिरपा गेला की बारीकसारीक वस्तूचीही सावली पडते. कपाळावरून गेलेला उजेड सावल्या वस्तूंच्या मागेच लपवतो, जमीन सपाट दिसते. पाल्यावर मला आधी तार दिसली नाही, तिची सावली दिसली. पानं तोडत गेलेली एक सरळ काळी रेघ. रानात इतकं सरळ काही नसतं.

"थांब! पाय उचलू नकोस!"

"काय झालं, दादा?"

"तार आहे. दोन्ही पाय जुळवून उभा राहा. आता पाय जमिनीवर घासतच मागे सरक."

तो तसाच, इंच इंच मागे आला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

माटीच्या झाडाची मोठी फांदी लाईनवर पडून एक फेज, म्हणजे तीन तारांपैकी एक, तुटला होता. पुढचं काम नेहमीचं: स्विच, परमिट (कामाची परवानगी), अर्थिंग, फांदी तोडणं, तार ओढून जोड मारणं. खांबावर मात्र डोक्यावरचीच बॅटरी हवी, कारण दोन्ही हात कामात असतात. तिथे शंभर-दीडशे ल्युमेनचा (बॅटरीतून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) उजेड भरपूर झाला. जास्त केलं की ओला इन्सुलेटर नुसता चमकतो आणि त्यावरची बारीक चीर दिसत नाही. खालच्याने वर उजेड मारायचा तो बाजूने, वरच्याच्या तोंडावर कधीच नाही. अंधाराला सरावलेले डोळे एकदा दिपले की पुन्हा पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ तो माणूस खांबावर आंधळा असतो.

मध्यरात्रीनंतर हेल्परची बॅटरी मंदावली. तिच्यातल्या १८६५० मापाच्या सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचा आकडा) छापलं होतं. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन-चार हजारच बसतं. ९९०० छापणारा विक्रेता सरळ फसवतोय. असल्या सेलवर रात्रपाळीच्या माणसाचा जीव टांगलेला असतो, याची मला चीड येते.

पगार झाल्यावर हेल्पर वाळपईला दुसरी बॅटरी घ्यायला निघाला, तेव्हा मी सोबत गेलो. आयपीएक्स ७, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारी. बटण रबरी हातमोज्यातून दाबता येणारं. सुरुवात मंद उजेडाने होणारी, लुकलुकणारा मोड मध्येच न येणारी. मातकट रंग वेगवेगळे दाखवणारा उजेड, कारण पाल्यात बसलेला विषारी चापडा सापही त्याच रंगाचा असू शकतो. तिच्या काळ्या अंगाला आम्ही पिवळी टेप गुंडाळली, रानात हातातून पडली तर सापडावी म्हणून.

आता आमच्याकडे कुणीही नवी बॅटरी आणली की अंधार पडल्यावर सेक्शन ऑफिसच्या मागे पाल्यात जुन्या तारेचा तुकडा टाकतो. बॅटरी कमरेशी धरून दहा मीटरवरून तुकडा दिसला, तर ती पेट्रोलिंगला येते. नाही दिसला, तर ती घरी वापरायची.